दोन काळ्या वायरी

१

अंगणात बादली पडल्याचा आवाज बेबीताईंनी स्वयंपाकघरातून ऐकला. इंद्रभान रोज सकाळी अंगणात पाणी मारत आणि हातातून काही ना काही पडतच असे. पण एरवी त्यामागोमाग त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. आज ते आलं नाही. बेबीताईंनी गॅस बारीक केला आणि त्या दारात आल्या.

इंद्रभान घरगाडीच्या दाराशी आडवे पडले होते. अनवाणी पाय चिखलात, बादली उलटी, आणि उजव्या हाताची बोटं अजून दाराच्या कडीत अडकलेली.

इंद्रभान एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर त्यांनी लोकांना त्यांच्या गावी पोचवलं, पण बायकोला, बेबीताईंना, शेगावच्या पलीकडे कधी नेता आलं नाही. ती रुखरुख त्यांच्या मनात होती. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आतल्या सीटा काढल्या आणि तिथं पलंग, छोटा ओटा, फ्रीज, पंखा असं सगळं बसवलं. वरवट बकाल गावात सगळे तिला घरगाडी म्हणत. मुलगा रवी याचं संग्रामपूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गाडीतली सगळी वायरिंग त्यानंच केली होती. गाडी अंगणात उभी असली की ओसरीवरच्या सॉकेटमधून एक लांब वायर तिच्यात जायची. त्या उन्हाळ्यात दोघं नवरा-बायको सांचीला निघणार होते.

आईची हाक ऐकून रवी धावत बाहेर आला. बापाकडं त्यानं एकदाच पाहिलं. मग तो त्यांच्याकडं न जाता उलटा वळला, ओसरीवर गेला आणि त्यानं मेन स्विच खाली पाडला. त्यानंतरच तो बापाजवळ बसला. तोवर उशीर झाला होता.

शेजारच्या विमलबाईंनी हे सगळं आपल्या गच्चीवरून पाहिलं. दुपारपर्यंत त्यांचं एक वाक्य गावभर झालं होतं. बाप पडलेला पाहून पोरगा आधी बटणाकडं पळाला, म्हणजे करंट कुठून आला हे त्याला अगोदरच माहीत होतं.

२

विजेचा अपघात झाला की विद्युत निरीक्षक कार्यालयातून कुणीतरी येतं. या वेळी बुलढाण्याहून सुचिता वानखडे आली. मूळची ती अमडापूरची. मोजकं बोलायची आणि समोरच्याला बोलू द्यायची.

ठाणेदारांनी तिला सगळं बाजूला घेऊन सांगितलं. रवीबद्दल गाव कुजबुजत होतं. रवी स्वतः मात्र पलीकडच्या घराकडं बोट दाखवत होता. तिथं गोपाल राहायचा, घरचीच शेती पाहणारा. दोन्ही घरांचं कुंपण एकच आणि रस्ताही एकच. इंद्रभान एसटीवर होते तेव्हा गोपालच्या म्हाताऱ्या आईसाठी ते फाट्यावर गाडी थांबवत, इतका घरोबा. पण घरगाडी आली, ती रस्त्याच्या तोंडाशी उभी राहू लागली आणि गोपालचा ट्रॅक्टर वळेना. दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. एकदा गोपाल चारचौघांत म्हणालाही होता की ही गाडी मी एक दिवस उलटी करीन.

ठाणेदारांना वेगळीच काळजी होती. एक घर बौद्धांचं, दुसरं पाटलांचं. भांडण गाडीचं असलं तरी उद्या त्याला दुसराच रंग यायला वेळ लागणार नव्हता. "मॅडम, खरं काय ते लवकर सांगा," ते म्हणाले. "नाहीतर गाव आपापलं ठरवून मोकळं होईल."

अपघातानंतर लाइनमन तुळशीराम यानं खांबावरूनच घराची लाइन सोडवली होती. त्यामुळं नुसता टेस्टर लावून काही कळायची सोय उरली नव्हती. सुचितानं आधी घराचा मीटरबोर्ड उघडला. मीटरमागं अर्थिंगची हिरवी वायर होती खरी, पण तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. ते नुसतं लोंबत होतं.

मग ती घरगाडीकडं गेली. रवी पायरीशी उभा होता. त्याचे डोळे सुजले होते.

"मॅडम, वायरिंग झाल्यापासून महिनाभर बाबा याच गाडीत उठत-बसत होते," तो म्हणाला. "माय दुपारची याच्यातच झोपे. माही वायरिंग खराब असती त पह्यल्याच दिवशी समजलं असतं. कोणीतरी काहीतरी केलं."

सुचितानं दारालगतची डबी उघडली. घरातून आलेली वायर तिथंच गाडीत शिरत होती. काम स्वच्छ होतं, स्क्रू घट्ट होते. पण आत, दोन जागांना जोडणारा तांब्याच्या तारेचा एक छोटा तुकडा होता. तिनं त्याला हात लावला नाही. रवीला तो बोटानं दाखवला.

रवी खाली बसला.

"हे काऊन जोडलं?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं ते असं. सुरुवातीला गाडीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. इंद्रभान हसायचे, म्हणायचे, गाडी गुदगुल्या करते. आईला मात्र भीती वाटायची. रवीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात कुणीतरी दाखवलं होतं की घरात अर्थिंग नसेल तर न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून टाका, झिणझिण्या बंद. त्यानं तसं केलं आणि झिणझिण्या खरंच बंद झाल्या. वडिलांनी त्याची पाठ थोपटली होती.

"बाबाचा हात कडीत पाह्यला अन् मले हाच तुकडा आठवला," रवी म्हणाला. "म्हणून मी बटणाकडं पळालो. मॅडम, मीच मारलं का त्याईले?"

 सुचितानं डबीचं झाकण हळूच बंद केलं.

"हे चुकीचं हाय. लय चुकीचं," ती म्हणाली. "पण महिनाभर यानं कोणाले काही झालं नाही. मंग त्या सकाळी काय बदललं होतं?"

३

बेबीताई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना दमा होता. उशाशी वाफ घ्यायचं छोटं मशीन होतं आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. सुचितानं बॅग बाहेर ठेवली आणि ती त्यांच्याजवळ खालीच बसली. आधी तिनं काहीच विचारलं नाही. बेबीताई आपणहून बोलू लागल्या. नवऱ्याला घरगाडीचा किती सोस होता, पडद्यांचं कापड त्यांनी स्वतः कसं निवडलं होतं, गाडीतल्या फ्रीजमध्ये पहिल्यांदा बर्फ झाला तेव्हा त्यांनी गल्लीतल्या साऱ्या पोरांना सरबत कसं पाजलं होतं.

मग सुचितानं आदल्या दिवसाचं विचारलं.

आदल्या दिवशी, बेबीताई म्हणाल्या, सकाळी मोठं वारं सुटलं होतं. कुंपणातल्या निंबाची फांदी तुटून खांबावरून येणाऱ्या वायरीवर पडली, वायर तुटली आणि घरची लाइट गेली. फक्त त्यांच्याच घरची. इंद्रभाननी लाइनमनला फोन केला, पण वाऱ्यानं त्याच्याकडं आधीच पुष्कळ कामं होती. बापलेक गाडीचं काही सामान आणायला संग्रामपूरला गेले. त्या घरी एकट्याच होत्या. धुळीनं दम उसळला आणि वाफेचं मशीन लाइटीशिवाय चालेना. बराच वेळ त्या खोकत पडल्या होत्या. मग अचानक पंखा फिरू लागला. त्यांनी वाफ घेतली आणि त्यांना झोप लागली.

"मंग संध्याकाळी समदं ठीक होतं?" सुचितानं विचारलं.

बेबीताई थोड्या घुटमळल्या. "तुमी हसान," त्या म्हणाल्या. "त्या राती या खोलीतला बल्ब बंद केला, तरी तो विझे ना. अगदी मंद, काजव्यावानी जळून राह्यला होता. मी यायले दाखवला. हे म्हणे, बल्ब खराब झाला असन, उद्या बदलू. आता बाया म्हणतात, तो अपशकुन होता."

सुचिता ताठ बसली. "बटण बंद करून बी जळे? अन् त्याच्या आधी कधी असं झालं नव्हतं?"

"कधीच नाही."

"काकू, अपशकुन नव्हता तो," ती हळू म्हणाली.  बाहेर येऊन तिनं तुळशीरामला बोलावून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तुटलेली वायर तू कशी जोडली.

तुळशीराम गोंधळला. तो संध्याकाळी आला होता, हे खरं. पण घरात लाइट जळताना पाहून त्याला वाटलं, घरच्यांनीच कुणाकडून तरी करून घेतलं असेल. तो तसाच परत गेला.

"मॅडम," तो म्हणाला, "ती वायर मी जोडलीच नाही."

४

इंद्रभान आणि रवी संग्रामपुरात होते. बेबीताई अंथरुणात होत्या. मग वायर जोडली कुणी?

सुचिता विमलबाईंकडं गेली. रवीबद्दल त्या पुष्कळ बोलल्या, पण आदल्या दुपारचं काही विचारलं की विषय बदलायच्या. शेवटी सुचितानं त्यांना सांगितलं की रवीवर संशय घेऊन गाव चुकीचं करतंय, आणि गप्प राहिल्यानं एका आईचा मुलगाही जाईल. तेव्हा विमलबाईंनी पदर सारखा केला. दुपारच्या उन्हात कुंपणाला शिडी लागलेली त्यांनी पाहिली होती. शिडीवर गोपाल होता आणि त्याचे हात इंद्रभानांच्या वायरीवर होते. त्याचं घर मोठं, त्याच्याशी वाकडं कोण घेणार, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

ही गोष्ट रवीच्या कानावर जायला वेळ लागला नाही. सुचिता बेबीताईंच्या घरी परतली तेव्हा तो अंगणात उभा होता, चार-सहा मित्र जमले होते आणि कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं. गाडी उलटी करीन म्हणणारा माणूस वायरीवर चढला आणि दुसऱ्या दिवशी बाप गेला. रवीला आता दुसरा विचार करायचा नव्हता.

सुचितानं त्याला थांबवलं. "तुह्या डबीतला तांब्याचा तुकडा गोपालले माहीत होता का?"

रवी थांबला. तो तुकडा त्यानं कुणालाच दाखवला नव्हता. वडिलांनासुद्धा फक्त काम झालं एवढंच सांगितलं होतं.

"मंग ज्याले तुकडा माहीत नाही, तो त्याच्या भरवशावर माणूस कसा मारन? संध्याकाळपर्यंत दम धर."

तिनं कुंपणावरून लोंबणारी वायर हातात घेतली. जोड कुंपणाच्या अगदी वर होता. त्याला बाजारातली टेप नव्हती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, ओढून घट्ट गुंडाळली होती. हे काम घाईचं होतं, पण सवयीच्या हाताचं. ती गोपालच्या शेतात गेली. विहिरीवरच्या मोटारीच्या केबलला दोन जुने जोड होते. दोन्हींवर ट्यूबची तशीच पट्टी होती, तशीच गुंडाळलेली.

गोपाल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला होता. पन्नाशीचा, रापलेला माणूस. आपण तिकडं फिरकलोही नाही, असं त्यानं ठाणेदारांना आधी सांगितलं होतं. सुचितानं केबलवरच्या जोडावर बोट ठेवलं आणि त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"मी काहीच वाईट केलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी नुसती लाइट जोडली."

"कोणासाठी?"

 

५

संध्याकाळी बेबीताईंच्या अंगणात सगळे जमले. ठाणेदार, तुळशीराम, विमलबाई, रवी आणि सगळ्यांपासून लांब, फाटकाशी, गोपाल. सुचितानं खांबावरून घरात येणारी ती सर्व्हिस वायर ओसरीवर पसरून ठेवली होती.

"या घरात कोणीच कोणाले मारलं नाही," तिनं सुरुवात केली. "पण तीन चुका एका जागी आल्या. एकटी कोणतीच चूक त्या सकाळी जीव घेऊ शकत नव्हती."

पहिली चूक तिनं मीटरमागं दाखवली, कशालाच न जोडलेली हिरवी वायर. घराला अर्थिंग नव्हतं. झिणझिण्या येत होत्या त्या त्यामुळंच. गाडी रबरी चाकांवर उभी, तिच्या अंगावर आलेल्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. तो माणसाच्या हातातून वाट शोधत होता. झिणझिण्या ही सूचना होती.

दुसरी चूक तांब्याचा तुकडा. त्यानं सूचना बंद झाली, पण तिच्यामागचं कारण तसंच राहिलं. फेजमधून करंट येतो आणि न्यूट्रलमधून परत जातो. रवीनं गाडीचं सगळं लोखंडी अंग न्यूट्रलला जोडून टाकलं होतं. न्यूट्रल ही न्यूट्रल आहे तोवर हात लावून काही कळत नाही.

"पण ती न्यूट्रल राह्यली नाही," सुचिता म्हणाली. तिनं रवीला पुढं बोलावलं आणि वायरीवरून बोट फिरवायला सांगितलं.

खांबावरून येणाऱ्या दोन्ही वायरी काळ्याच होत्या. पण एकीच्या अंगावर नखाला लागेल अशी बारीक धार होती, दुसरी गुळगुळीत होती. तीच त्यांची ओळख. रवीचं बोट धारेच्या वायरीवरून जोडापर्यंत गेलं, ट्यूबच्या पट्टीवरून पलीकडं गेलं आणि थांबलं. पलीकडं वायर गुळगुळीत होती.

"उलटी जोडली," तो पुटपुटला.

ती तिसरी चूक. जोड उलटा झाला आणि सगळ्या घराची फेज न्यूट्रलच्या जागी गेली. पंखा फिरला, मशीन चाललं, कुणाला काही कळलं नाही. कळलं फक्त एका एलईडी बल्बला. त्याचं बटण आता चुकीच्या वायरीवर आलं होतं. त्यामुळं बटण बंद करूनही थोडासा करंट बल्बपर्यंत पोचत होता आणि तो मंद जळत राहिला. त्या दिवशी घरगाडीची वायर लावलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभाननी ती ओसरीवरच्या सॉकेटला लावली आणि त्या क्षणी गाडीच्या अंगात पुरा करंट आला. मेन आपोआप पडला नाही, कारण चाकं रबराची. गळणारा करंट ओळखून लाइन तोडणारं यंत्र घरात नव्हतं, गाडीतही नव्हतं. त्यांनी ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून कडीला हात लावला.

 सगळे गोपालकडं वळले.

गोपाल पुढं आला. रवीकडं न पाहता तो बेबीताईंसमोर उभा राहिला.

"वहिनी, कुंपणापलीकडून तुमचा खोकला ऐकू येऊन राह्यला होता," तो म्हणाला. "थांबेच ना. घरी कोणी नव्हतं. मले वाटलं, लाइट आली त मशीन चालन. दोन्ही वायरी काळ्या होत्या, मले फरक समजला नाही. जोडली अन् उतरलो."

रवी एक पाऊल पुढं आला. बेबीताईंनी हात वर केला आणि तो तिथंच थांबला.  त्यांच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

"यायचं अन् तुहं बोलणं बंद होतं," त्या म्हणाल्या. "माहं नव्हतं. मंग मले काऊन नाही सांगतलं, का वायर मी जोडली म्हणून?"

"सांगणार होतो. मंग वाटलं, आधी मी बोललो असं होईन."

"तू सांगतलं असतं, त यायनं तुळशीरामले बोलावलं असतं. म्हटलं असतं, गोपालनं जोडली, एकदा पाहून घे." बेबीताई थांबल्या, श्वास घेतला. "एवढंच लागत होतं."

गोपाल ओसरीच्या कडेला बसला आणि रडू लागला. कुणी त्याला उठवलं नाही. रवी पाठमोरा झाला होता, पण त्याचेही खांदे हलत होते.

६

सुचितानं अहवालात होतं तेच लिहिलं. तांब्याचा तुकडा लिहिला, उलटा जोड लिहिला, लोंबणारी हिरवी वायर लिहिली. रवी आणि गोपाल दोघांवरही निष्काळजीपणाचा ठपका आला. दोघांनी काहीही न लपवता जबाब दिले. पुढं कोर्टात काय होईल ते होईल, ठाणेदार म्हणाले, पण गावात वेगळं काही पेटलं नाही, हे त्यांना मोठं वाटत होतं.

निघण्याआधी ती बेबीताईंचा निरोप घ्यायला गेली. घराला आता अर्थिंगचा खड्डा होत होता, तुळशीराम स्वतः उभं राहून करून घेत होता. रवी ओसरीवर बसून होता. त्या सकाळपासून त्यानं कुठल्या बटणाला, कुठल्या प्लगला हात लावला नव्हता. दुकानही बंद होतं.

बेबीताईंनी सुचिताला चहा दिला. मग म्हणाल्या, "बाई, एक काम करान का? गोपालच्या घरी पत्र्याचा कूलर हाय. त्याले हात लावला का झिणझिण्या येतात, असं त्याची बायको पुष्पांजली मागं सांगत होती. त्याची नात छकुली आलेली हाय. दिवसभर त्या कूलरपाशी खेळते."

सुचितानं कप खाली ठेवला आणि ती उठली. कुंपणाला वळसा घालून ती गोपालच्या दारात गेली. तिच्यामागं पावलं वाजली. रवी येत होता. दिवाळीपासून या दारात त्यांच्या घरातलं कुणी आलं नव्हतं.

छकुली ओल्या फरशीवर बसून कूलरखालच्या थेंबांशी खेळत होती. गोपालनं तिला उचलून घेतलं आणि तो भिंतीशी सरकला. सुचितानं टेस्टर कूलरच्या पत्र्याला टेकवला. त्यातला दिवा लाल पेटला.

 मग रवीनं पायातली रबरी चप्पल नीट आहे ना ते पाहिलं, हात कोरडे पुसले, पुढं होऊन भिंतीवरचं बटण बंद केलं आणि कूलरचा प्लग उपसून काढला.

"काका," तो गोपालला म्हणाला, "अर्थिंग होईपर्यंत हा लावू नका."